रकाना क्रमांक सात

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून शाखेत एक पत्र आलं. आमची बँक सहकारी, शाखा दादर पश्चिमेला, कबुतरखान्यापासून चालत पाच मिनिटांवर. याहून जास्त पत्ता देत नाही. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब याच मंडळींच्या हातात आहे. पत्राचा मजकूर असा, की गेल्या पाच वर्षांत कर्मचाऱ्यांना जी प्रशिक्षणं देण्यात आली, त्यांवरील खर्चाच्या तुलनेत बँकेस काय परतावा मिळाला, ते सोबतच्या विहित नमुन्यात दहा दिवसांच्या आत कळवावे. नमुन्यात नऊ रकाने. पहिले सहा सोपे: नाव, हुद्दा, विषय, तारीख, ठिकाण, खर्च. आठवा 'शेरा'. नववा 'पुढील वर्षासाठी सुचवलेली तरतूद'. आणि सातवा: 'प्राप्त परतावा (रुपयांत)'.

साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि मला हाक मारली. "मॅडम, शाखेत सगळ्यात जास्त ट्रेनिंगं तुमची झाली आहेत. हे तुम्हीच बघा."

हे खरं आहे. माझ्या नावावर अकरा प्रशिक्षणं आहेत. पण त्याचा माझ्या हुशारीशी काही संबंध नाही. कोणाला पाठवायचं याचा आमच्याकडे एक अलिखित नियम आहे: ज्याच्यावाचून अडतं त्याला सोडायचं नाही. पासबुक छापायचं यंत्र दाराशी बसवल्यापासून माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, म्हणून मी जाते. क्लिअरिंग बघणारा मुलगा इतका कामाचा आहे की त्याला सात वर्षांत एकदाही कुठे पाठवलेलं नाही. त्याला जे येतं ते शाखेत दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि त्याला जे येत नाही ते शिकायला त्याला सवड नाही. उलट कॅशमधले अण्णा. ते 31 मेला निवृत्त होणार होते. एप्रिलमध्ये त्यांना 'उद्याचे नेतृत्व' या विषयावर तीन दिवस लोणावळ्याला धाडलं. येताना त्यांनी सगळ्यांसाठी चिक्की आणली. उद्याचं नेतृत्व सध्या डोंबिवलीत नातवाला शाळेत सोडायला जातं.

तारखांचा रकाना भरताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या अकरापैकी आठ प्रशिक्षणं फेब्रुवारी-मार्चमधली होती. म्हणजे बँकेत ज्या दिवसांत पाणी प्यायला सवड नसते, नेमके त्या दिवसांत आम्ही शिकत होतो. ज्ञान काय, कधीही घेता येतं. तरतूद मात्र 31 मार्चच्या रात्री वाया जाते. 'वेळेचे व्यवस्थापन' हा कार्यक्रम एका वर्षी 28 आणि 29 मार्चला झाला होता. प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच विचारलं, "आत्ता या क्षणी तुम्ही कोणतं काम करत असायला हवं होतं?" सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "इयर एंडिंग." त्यांनी ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घेतलं आणि चहाची सुट्टी दिली.

सहा रकाने तासाभरात भरून झाले. सातव्यासाठी मी वही घेऊन टेबलाटेबलावर फिरले. प्रश्न एकच: शेवटचं जे ट्रेनिंग झालं, त्यातलं काय लक्षात आहे? कर्जवाले म्हणाले, "एसी फार होता." ठेवी विभागातल्या बाईंना पनीर आठवलं, गोड होतं म्हणे. एकाला प्रशिक्षकांचा टाय आठवला. वसुलीवाल्यांना मात्र ठोस परतावा मिळाला होता. त्यांना मिळालेली बॅग त्यांनी अजून वापरात ठेवली आहे. दर रविवारी त्या बॅगेतून ते बोंबील आणतात. बॅगेवर 'ग्राहक सर्वप्रथम' असं छापलेलं आहे. "हे लिहा ना सातव्यात," ते म्हणाले. मी बॅगेची किंमत विचारली, तर म्हणाले, "आता तिला कोण विकत घेणार?"

मी दुसऱ्यांना हसावं असं काही नाही. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात 'सिनर्जी' हा शब्द तीनदा अधोरेखित केलेला सापडला. पुढे काही लिहिलेलं नाही.

आमची ट्रेनिंगं बहुतेक एकाच साच्यातली. सकाळी प्रशिक्षक येतात, कानाजवळून गालावर आलेला माइक लावलेला असतो, आणि म्हणतात, "गुड मॉर्निंग!" आपण "गुड मॉर्निंग" म्हणतो. ते म्हणतात, "एनर्जी कमी वाटतेय." मग आपण ओरडतो. कर्जतच्या एका रिसॉर्टवर आम्हाला विचारलं होतं, "तुम्ही फळ असतात तर कोणतं असतात?" आम्ही एकतीस जण होतो. सत्तावीस जणांनी हापूस सांगितलं. दोघे देवगडचे होते, त्यांनी 'देवगड हापूस' असं वेगळं नोंदवायला लावलं. मालवणकडच्या एका बाईंनी फणस सांगितलं आणि त्यांच्याशी ज्यांचा रोज संबंध येतो त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅशमधले अण्णा म्हणाले, "आवळा. टिकतो." या उत्तरांचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

आणि मग 'पार्किंग लॉट'. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेनिंगमध्ये कुणी नको तो प्रश्न विचारला, म्हणजे उदाहरणार्थ, "हे सगळं ठीक आहे, पण काउंटरला दोन माणसं कमी आहेत त्याचं काय?", तर प्रशिक्षक अजिबात रागावत नाहीत. भिंतीवर एक मोठा कागद लावलेला असतो, त्यावर तो प्रश्न लिहून ठेवतात आणि म्हणतात, "हा आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवूया, शेवटी घेऊ." रानडे रोडवर शनिवारी संध्याकाळी ज्याने गाडी आणली आहे त्याला हे समजेल. आमचे प्रश्न अजून गोल गोल फिरताहेत.

शेवट फीडबॅक फॉर्मने होतो. पाच वाजून वीस मिनिटांनी तो हातात येतो, म्हणजे अर्ध्या हॉलचं लक्ष लोकलच्या वेळेकडे आणि अर्ध्याचं दाराशी मांडलेल्या प्रमाणपत्रांकडे असतं. फॉर्म दिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. सगळे पाचपैकी पाच देतात. मी एकदा एका प्रश्नाला चार दिले, तर आयोजक बाई धावत आल्या आणि काय चुकलं म्हणून विचारू लागल्या. माझी गाडी चुकली. त्यानंतर मी पाचच देते.

माझी भाची ऐरोलीला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. तिला फोन केला. "अगं, परतावा मोजतात कसा?" ती म्हणाली, "मावशी, याचं मोठं शास्त्र आहे." आणि खरंच आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी 1959 साली लेख लिहून प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या. मराठीत सांगायच्या तर: आवडलं का, कळलं का, वापरलं का, उपयोग झाला का. पुढे जॅक फिलिप्स यांनी पाचवी जोडली: पैशांत किती. लाभातून खर्च वजा करायचा, उरेल त्याला खर्चाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. मला हे लगेच समजलं, कारण गणपतीच्या आधी मी एकदा उकडीच्या मोदकांच्या वर्गाला गेले होते. आवडलं का? फार, शिकवणाऱ्या बाई गोड बोलायच्या. कळलं का? उकड कशी काढायची, पाऱ्या कशा चिमटायच्या, सगळं तोंडपाठ. वापरलं का? चतुर्थीला अकरा केले. उपयोग झाला का? सात फुटले. उरलेल्या चारांतला एक देवापुढे ठेवला, आणि देवाने तक्रार केली नाही. आमच्या बँकेची सगळी मोजणी 'बाई गोड बोलतात' याच पायरीवर थांबते. मोदक फुटले की नाही ते बघायला कुणी येत नाही. भाची म्हणाली, "आमच्याकडेही तसंच आहे मावशी, फक्त फॉर्म ऑनलाइन आहे."

तिनेच एबिंगहाउसचं सांगितलं. हर्मान एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. 1885 साली त्याने स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. काहीही अर्थ नसलेली अक्षरं तो स्वतः पाठ करायचा आणि किती वेळाने किती उरतात ते मोजायचा. एका दिवसात साधारण दोन तृतीयांश उडून जायची आणि महिन्याभराने जेमतेम पाचवा हिस्सा उरायचा. आमच्या बँकेचं व्हिजन स्टेटमेंट त्याच्या हाती लागलं असतं तर अक्षरं तयार करण्याचे कष्ट वाचले असते. या विसरण्यावर उपाय काय, तेही त्यालाच दिसलं होतं: एकदम घोकू नये, दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावं.

हे मला जर्मनीतून कळायची गरज नव्हती. बारावीनंतर बाबांनी मला दादर स्टेशनसमोरच्या एका माळ्यावर टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. अरुंद लाकडी जिना, वर वीस-पंचवीस यंत्रं, आणि खाली फुलवाल्यांचा आवाज बुडून जाईल असा खडखडाट. पहिले पंधरा दिवस फक्त 'ए एस डी एफ'. मी वैतागून विचारलं, "बाई, शब्द कधी?" बाई म्हणाल्या, "बोटांना कळलं की." बोटांकडे बघितलं तर त्या पट्टी हाणायच्या. रोज एक तास, सहा महिने. मग सरकारी परीक्षा, मराठी तीस शब्द मिनिटाला, इंग्रजी चाळीस. आज इतक्या वर्षांनी डोळे मिटून टाइप करू शकते, आणि अजून कळ इतकी जोरात दाबते की भाची म्हणते, "मावशी, कीबोर्ड फुटेल." त्या क्लासने मला प्रमाणपत्राखेरीज कधी काही दिलं नाही, ना पेन, ना बॅग, ना पनीर. बाईंनी फीडबॅकही मागितला नाही. मागितला असता तर पट्टीबद्दल मी एकच गुण दिला असता. नोकरी त्या क्लासवर लागली.

दादरला हे मुळात नवीन नाही. शिकवून पैसे मिळवणं आणि शिकून पैसे मिळवणं हे दोन्ही धंदे इथे जुने. 1961 साली मनोहर जोशींनी इथेच कोहिनूर टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रेडिओ आणि पुढे टीव्ही दुरुस्ती, असं पोट भरायचं शिक्षण तिथे मिळायचं. शिकाऊ उमेदवारांचा कायदाही संसदेने त्याच 1961 साली केला. जोशी पुढे 1995 साली मुख्यमंत्री आणि 2002 साली लोकसभेचे अध्यक्ष झाले. शॉर्टसर्किट रोज होतं अशा जागी वायरिंगचा क्लास काढलेला माणूस बसवावा, यात मला तरी औचित्य दिसतं.

माझा धाकटा मामा असाच एका क्लासात इलेक्ट्रिकचं काम शिकला. शिकायला लागून महिना झाला नाही तोच त्याने आमच्या चाळीतल्या खोलीतला पंखा खोलून पुन्हा जोडला. पंखा सुरू झाला, झोकात फिरला, पण वारा खाली येईना. आजी पाटावर बसून वर बघत होती. वारा सगळा छताला लागत होता. पंखा उलटा फिरत होता. सगळी चाळ दाराशी जमून हसली. दुसऱ्या दिवशी मामा तडक क्लासात गेला. सरांनी त्याच्यासमोर पंखा खोलला आणि दाखवलं की कॅपॅसिटरची वायर त्याने भलत्याच वाइंडिंगला दिली आहे. संध्याकाळी आजीच्या पदराला वारा लागला. मामा पुढे तीस वर्षं त्याच कामावर जगला आणि पंखा त्याच्या हातून पुन्हा कधी उलटा फिरला नाही.

सातव्या रकान्यापाशी अडून बसले होते तेव्हा मला मामाचा तो दुसरा दिवस सारखा आठवत होता. आमच्या ट्रेनिंगला दुसरा दिवस नसतो. म्हणजे वेळापत्रकात असतो, पण तो रिसॉर्टवरचा. पंखा उलटा फिरतो तो सोमवारी, काउंटरवर, आणि तेव्हा सर कुठे तरी इंदूरला दुसऱ्या बँकेत "एनर्जी कमी वाटतेय" म्हणत असतात. सोमवारी काय होतं? मी 'ग्राहकाभिमुख सेवा' शिकून आले तेव्हा ठरवून आले होते की प्रत्येकाला नावाने हाक मारायची, डोळ्यांत बघून बोलायचं, हसायचं. दहा वाजून पाच मिनिटांनी पहिले ग्राहक आले, एक आजोबा. मी हसून म्हटलं, "नमस्कार, काय मदत करू?" आजोबा घाबरले. "काय झालं? एफडी बुडाली का?" तेवढ्यात मागून साहेब आले. "मॅडम, ते ट्रेनिंगचं नंतर, आधी ते पेंडिंग व्हाउचर." संपलं. दोन दिवसांचं राहणं, जेवण, प्रशिक्षकांचं मानधन, दहा वाजून सात मिनिटांनी जमिनीवर.

यावरही अभ्यास झालेला आहे. बाल्डविन आणि फोर्ड या दोघांनी 1988 साली या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र तपासून मांडलं होतं: शिकलेलं कामात उतरतं की नाही, हे शिकणाऱ्यावर आणि शिकवण्यावर जसं ठरतं तसंच तो ज्या टेबलावर परत जातो तिथल्या हवेवरही ठरतं, वरिष्ठांचा पाठिंबा हवा, आणि वापरून बघायची संधी हवी. आमच्या साहेबांना मी हे वाचून दाखवलं. "अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "ते पेंडिंग व्हाउचर झालं का?"

मधल्या काळात साडी घ्यायला दादरच्याच एका दुकानात गेले होते. जुनं दुकान, पांढऱ्या गादीवर बसून साड्या दाखवतात ते. एक नवा पोरगा होता, अठरा-एकोणीसचा. तो साड्या दाखवत नव्हता. आमच्यापुढे उलगडून पडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होता. मी विचारलं तर गादीवरचे काका म्हणाले, "चार महिने घड्याच घालणार तो. घडी घातली की पोत कळतो, काठ कळतो, कुठला माल कितीदा उलगडतो ते कळतं. मग बोलायला तोंड उघडायचं." मी हिरव्या साड्या बाजूला सारत म्हणत होते, "हिरवी नको, हिरव्या खूप झाल्या." काकांनी पोराला हळूच, पण मला ऐकू येईल इतपत हळू, सांगितलं, "बाई काय बोलतात ते ऐकू नको. हात कुठे थांबतो ते बघ." हात हिरव्या पैठणीवर होता. मी ती घेतली. आमच्या अख्ख्या 'ग्राहक मानसशास्त्र' कार्यक्रमात हे वाक्य आलं नव्हतं, आणि बिल मात्र दोन्हीकडे सारखंच आलं.

क्लासात बसून काहीच होत नाही असं म्हणायचं नाही मला. मंत्रालयात नोकरीला असलेले आमचे एक शेजारी कॉम्प्युटरच्या नावाने हात जोडायचे. मग सरकारने एमएस-सीआयटी पास व्हा, नाहीतर वेतनवाढ रोखू, असं काढलं. ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सुनेच्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसले आणि पास झाले. परतावा विचाराल तर चोख: जी वेतनवाढ गेली असती ती गेली नाही. कॉम्प्युटर पुढे वापरला का, तर त्यावरच्या पत्त्यांच्या खेळात त्यांना अजून कुणी हरवलेलं नाही.

उलट आमचं सायबर सुरक्षेचं ई-लर्निंग. चाळीस स्लाइडी. 'पुढे' हे बटण तीस सेकंदांनी उजळायचं, म्हणून आमच्या शिपायाला जेवणाच्या सुट्टीत चार टेबलांवर फिरून बटणं दाबायचं काम दिलं होतं. परीक्षेत सगळ्यांना शंभरपैकी शंभर. उत्तरं शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होती. पंधरा दिवसांनी सगळ्यांना मेल आला: 'अभिनंदन! आपले सायबर सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी येथे क्लिक करा.' एकोणीसपैकी अठरा जणांनी क्लिक केलं. मेल आयटी विभागानेच आम्हाला जोखायला पाठवला होता. एकटे वाचले ते अण्णा, कारण त्यांना मेल उघडता येत नव्हता. परिपत्रकात त्यांचा 'सजग कर्मचारी' म्हणून उल्लेख झाला.

आता खरोखर परतावा मिळालेलं एक प्रशिक्षण. कर्ज विभागातली नवी मुलगी एक्सेल शिकायला अर्ध्या दिवसासाठी गेली, तीही इथेच, प्लाझा सिनेमाच्या पलीकडे. जेवणसुद्धा नव्हतं, चहा आणि दोन बिस्किटं. आमच्याकडे एटीएम आणि यूपीआयच्या नोंदींची मेळवणी महिन्याअखेर दोन माणसं तीन दिवस करायची: दोन याद्यांचे छापील ताव समोरासमोर ठेवायचे, पट्टी सरकवायची आणि लाल पेनने टिक मारत जायचं. ती मुलगी जाताना तेच ताव पिशवीत घालून गेली होती. तिथे म्हणे तिने शिकवणाऱ्याला विचारलं, "हे कसं जुळवायचं ते दाखवा, बाकी काही नाही शिकवलंत तरी चालेल." त्यांनी व्हीलुकअप दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली आणि पाऊण तासात मेळवणी केली. हे जमलं याचं श्रेय वरिष्ठांना द्यावंच लागेल: साहेब त्या दिवशी रजेवर होते.

साहेब परत आल्यावर त्यांनी निकाल बघितला, खूश झाले, आणि म्हणाले, "छान. याची प्रिंट काढा आणि एकदा लाल पेनने टिक मारून खात्री करून घ्या." सहा मनुष्यदिवस वाचले होते, त्यांतले दोन खात्रीत गेले. उरलेले चार मी पगाराच्या हिशेबाने गुणले, बाराने गुणले, खर्च वजा केला, फीने भागलं. टक्केवारी इतकी आली की मला वाटलं आपणच चुकलो. त्या मुलीकडून एक्सेलमध्ये तपासून घेतलं. बरोबर होती. पाच वर्षांतल्या त्रेपन्न ओळींपैकी सातवा रकाना भरलेली ती एकच ओळ.

बाकी बावन्न ओळी कोऱ्या ठेवून मी संध्याकाळी शिवाजी पार्कला फेरी मारायला गेले. जाळ्यांत पोरं खेळत होती, कट्ट्यावर आया डबे घेऊन बसल्या होत्या. इथेच रमाकांत आचरेकर सरांनी पोरं घडवली. तेही मूळचे स्टेट बँकेतले. म्हणून मला जरा जवळचे वाटतात. सचिन तेंडुलकरला त्यांनी पहिल्या वर्षी सुट्टीच्या 60 दिवसांत 55 सराव सामने खेळायला लावले. एका मैदानावरचा संपला की स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर. सकाळी शिकलेलं दुपारी खऱ्या गोलंदाजासमोर. आणि संध्याकाळी तो दमला की यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचं नाणं; कुणीच करू शकला नाही तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने जिंकून जपून ठेवली आहेत. फीडबॅक म्हणाल तर 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात त्याने सांगितलं, की 29 वर्षांत सरांनी एकदाही 'वेल प्लेड' म्हटलं नाही. पाचपैकी किती गुण दिले असते कोण जाणे.

मी कट्ट्यावर बसले, पर्समधून फॉर्म काढला आणि नववा रकाना भरला. 'पुढील वर्षासाठी सुचवलेली तरतूद': 13 रुपये. शेऱ्यात लिहिलं, 'क्लिअरिंगच्या मुलाला अर्धा दिवस सोडावे. त्या दिवशी साहेबांनी रजा घ्यावी.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी न वाचता सही केली, कारण मुदत संपत होती.

आठवड्याने मुख्य कार्यालयातून फोन आला. "मॅडम, रकाना नऊमध्ये तुम्ही तेरा लिहिलंय. हे हजारात आहे की लाखात?"

"नाण्यांत," मी म्हटलं.

फॉर्म परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं: 'एकक तपासून पुन्हा सादर करावे.' तो अजून माझ्या टेबलावर आहे, पेंडिंग व्हाउचरच्या खाली.